खोट्या पापण्या घरी लावताना नाकाकडचा कोपरा सुटतो, काय चुकत असावे?

करवली_चिपळूण

नमस्कार. येत्या वैशाखात माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न आहे. मुहूर्त सकाळी नऊच्या सुमाराचा असल्यामुळे तिला पहाटे पाचपासून तयार करायला बसवावे लागेल, आणि आमच्या ओळखीच्या पार्लरवाल्या ताईंकडे त्या दिवशी आधीच दोन नवऱ्या ठरलेल्या आहेत. त्यामुळे साडी मावशी नेसवणार, केस आतेबहीण घालणार आणि चेहरा माझ्याकडे, अशी वाटणी झाली आहे. बाकीच्या रंगरंगोटीची मला धास्ती नाही. धास्ती आहे ती केवळ पापण्यांची. बहिणीच्या पापण्यांचे केस मुळातच विरळ आहेत आणि साखरपुड्याच्या फोटोंत आपले डोळे दिसतच नाहीत असे तिचे म्हणणे असल्यामुळे खोट्या पापण्या लावायच्याच, हे तिने पक्के केले आहे.

आतापर्यंत मी स्वतःवर तीन वेळा सराव केला. पहिल्या वेळी पट्टी डबीतून काढली तशीच लावली, तर कानाकडचे टोक डोळ्याच्या बाहेर टोचत राहिले आणि नाकाकडचा कोपरा पंधरा मिनिटांत उचकटला. दुसऱ्या वेळी तो सुटू नये म्हणून गोंद अधिक घातला, तर पापणीवर खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ उमटली आणि डोळा मिटला की वरची-खालची पापणी एकमेकींना चिकटू लागली. तिसऱ्या वेळी पट्टी बरी बसली, परंतु काढताना ओढली गेली आणि तिच्यासोबत माझे स्वतःचे तीन केस निघून आले. बहिणीने त्यांतला एक माझ्या मुठीवर ठेवून इच्छा मागून फुंकर मारायला सांगितले. मी काय मागितले ते सांगत नाही, पण त्याचा संबंध पार्लरवाल्या ताईंशी होता.

माझ्या अडचणी अशा आहेत. गोंद लावल्यावर नेमके किती थांबायचे, हे मला उमगलेले नाही. चित्रफितींत तीस सेकंद सांगतात, पण माझा गोंद तीस सेकंदांनी दुधासारखाच असतो. बहीण कॉन्टॅक्ट लेन्स वापरते आणि मला चष्मा आहे. आदल्या दिवशी तेलातली हळद लागणार आहे. शिवाय लाजाहोमाच्या धुराने डोळ्यांना पाणी येणार आणि पाठवणीला तर येणारच. दुसऱ्याच्या डोळ्यावर पट्टी लावण्याची पद्धत स्वतःवर लावण्यापेक्षा वेगळी असते का, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

रंगपेटी

ताई, मी सांगलीच्या हौशी रंगभूमीवर वीसेक वर्षे रंगभूषा करतो आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत तिसरी घंटा होण्याआधी एकामागून एक चार-पाच जणींना पापण्या लावण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली आहे. तुमचे तीनही प्रयोग लक्षपूर्वक वाचले. त्यांत गोंदाचा दोष थोडा आणि मापाचा व घाईचा दोष मोठा आहे, असे माझे मत आहे.

मापापासून सुरुवात करू. नवी पट्टी डबीतून काढताना केस धरून ओढू नये; चिमट्याने तिची कड बाहेरच्या टोकाकडून हळूच सैल करावी आणि कडेला कारखान्यातला सुकलेला गोंद असेल तर तो सोलून टाकावा. मग ती कोरडीच डोळ्यावर ठेवून पाहावी. नाकाकडच्या कोपऱ्यात दोन ते तीन मिलिमीटर जागा मोकळी सुटली पाहिजे, म्हणजे जिथे आपला स्वतःचा पहिला केस उगवतो तिथून पट्टी सुरू झाली पाहिजे. त्याही आत ती गेली की प्रत्येक उघडझापीला कोपऱ्यातली हलती कातडी तिला ढकलत राहते, आणि कितीही गोंद ओतला तरी ती सुटतेच. तुमचा कोपरा उचकटण्याचे मुख्य कारण बहुधा हेच आहे. जास्तीची लांबी कापायची ती नेहमी कानाच्या बाजूने. बहुतेक पट्ट्यांत नाकाकडचे केस मुद्दाम आखूड ठेवलेले असतात; त्या बाजूने कापले तर लांब केस नाकाशी येतात आणि सोज्ज्वळ नायिका एकाएकी खलनायिका दिसू लागते. दोन्ही डोळ्यांची रुंदी तंतोतंत सारखी असतेच असे नाही, म्हणून प्रत्येक डोळ्याचे माप वेगळे घ्यावे आणि कात्री चालवताना एका वेळी एकच झुपका उडवावा.

दुसरी गोष्ट पट्टीच्या ताठपणाची. नवी पट्टी वाकायला नाखूश असते. डोळ्याच्या गोलाईवर ती जबरदस्तीने बसवली की तिची दोन्ही टोके उठू पाहतात. यासाठी ती रंगाच्या ब्रशच्या दांडीभोवती पाच मिनिटे गुंडाळून ठेवावी आणि नंतर दोन्ही टोके चिमटीत धरून कमानीसारखी दहा-बारा वेळा वाकवावी. काळ्या दोऱ्याची जाड कड असलेली पट्टी अधिक हट्टी असते, तर पारदर्शक कडेची पट्टी लवकर मऊ होते, म्हणून नवशिक्या हाताने पारदर्शक कडच घ्यावी.

आता गोंद. तुम्ही चिपळूणच्या आहात, म्हणजे फणसाचा चीक तुम्हाला समजावून सांगायला नको. फणस चिरताना हाताला लागलेला चीक आधी नुसता ओला, निसरडा असतो आणि थोड्या वेळाने बोटे दूर केली की त्याच्या तारा सुटू लागतात. पापणीचा गोंदही तसाच वागतो, आणि त्याच्या अनेक प्रकारांत रबराचा चीकच असतो. पट्टी लावायची ती तार सुटू लागल्यावर, त्याआधी नव्हे. या गोंदातले पाणी उडाले की तो पकड घेतो. चित्रफितीतली बाई वातानुकूलित खोलीत बसलेली असते, म्हणून तिचे काम तीस सेकंदांत होते. वैशाखातल्या कोकणच्या दमट हवेत तुम्हाला एक मिनिट, कधी दीड मिनिटही थांबावे लागेल. घड्याळाकडे पाहूच नका. गोंदाची रेघ टूथपिकच्या टोकाने, शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक ओढावी, दोन्ही टोकांना अर्धा थेंब अधिक द्यावा आणि त्याच टूथपिकने मधूनमधून तार सुटते का ते पाहत राहावे. पांढरा गोंद वाळल्यावर पारदर्शक होतो. तुमची पांढरी रेघ राहिली याचा अर्थ थर जाड होता आणि आतून ओलाच होता. काळ्या गोंदात चूक झाकली जाते असे सांगितले जाते, पण हात हलला की तो गालापर्यंत काळे करतो.

बहिणीला लावताना तिला भिंतीला डोके टेकवून बसवा आणि स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहायला सांगा. डोळे मिटायला सांगू नका, कारण मिटा म्हटले की माणूस ते घट्ट मिटतो, पापणीला सुरकुत्या पडतात आणि पट्टी त्या सुरकुत्यांवर बसते. पट्टी तिच्या केसांच्या मुळांना अगदी लागून, वरून ठेवायची. आधी मध्य टेकवा, चिमट्याच्या बोथट बाजूने हलके दाबा, मग कानाकडचे टोक आणि शेवटी नाकाकडचे टोक बसवा. वीस-तीस सेकंद टोके दाबून धरल्यावर खरे आणि खोटे केस दोन बोटांच्या चिमटीत एकत्र दाबले की ते एकजीव दिसतात. स्वतःला लावताना मात्र आरसा भिंतीवर नको, टेबलावर आडवा ठेवावा आणि हनुवटी न झुकवता नजरेने खाली त्यात पाहावे. डोळा उघडा राहतो, पापणी ताणलेली राहते आणि कोपर टेबलावर टेकलेले असल्यामुळे हात थरथरत नाही.

क्रमाविषयी एवढेच, की रंगाची पूड आधी, मग खऱ्या केसांना कर्लरने वळण आणि मस्काऱ्याचा एक पातळ हात, तो वाळल्यावर पट्टी, आणि पट्टी व कातडी यांच्यामध्ये फट दिसली तर ती भरण्यासाठी शेवटी आयलायनर. पट्टी लावल्यानंतर कर्लर वापरला तर ती त्याच्याबरोबर हातात येते. आणि आमच्या नाटकवाल्यांच्या पेटीत दाढीमिशा चिकटवण्याचा स्पिरिट गम असतो, तो कोणी आपुलकीने देऊ केला तरी डोळ्याजवळ आणू नका. तो काढायला अल्कोहोल लागते आणि ते डोळ्यापाशी चालणारे नाही.

नेत्रपल्लवी

मी नेत्रतज्ज्ञ आहे, त्यामुळे या धाग्यावर माझ्याकडून ‘लावूच नका’ अशी अपेक्षा असेल, परंतु एका दिवसापुरत्या, जागेपणी लावलेल्या आणि झोपण्यापूर्वी नीट काढलेल्या पट्टीला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो तीन गोष्टींना: न तपासलेला गोंद, ओढून काढणे, आणि एकमेकींच्या पट्ट्या वापरणे.

सर्वप्रथम गोंदाच्या बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचा. पार्लरमध्ये एकेक केस चिकटवून जी आठवडे-आठवडे टिकणारी पापणी करतात, तिचा गोंद सायनोअॅक्रिलेट जातीचा असतो, म्हणजे आपल्या घरातल्या फेव्हिक्विकचा भाऊबंद. तो घरगुती वापरासाठी नाही. रंगपेटी यांनी सांगितलेला गोंद दमट हवेत सावकाश सुकतो. हा मात्र हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो आणि डोळ्यातल्या पाण्याने तर क्षणात. ऑनलाइन मिळणाऱ्या संचांत दोन्ही जातींच्या बाटल्या दिसायला सारख्याच असतात. तसा गोंद चुकून डोळ्यात गेलाच, तर चिकटलेल्या पापण्या बोटांनी फाकवू नका. स्वच्छ पाण्याची धार सोडत राहा आणि तडक दवाखाना गाठा.

पट्टीच्या साध्या गोंदाचीही चाचणी करावी. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे एक थेंब लावून चोवीस ते अठ्ठेचाळीस तास पाहावे, आणि हे लग्नाच्या आदल्या दिवशी न करता किमान आठवडाभर आधी करावे, म्हणजे खाज उठली तर दुसरा गोंद आणायला वेळ मिळतो. ज्यांना फुगे फुगवताना ओठांना किंवा रबरी हातमोज्यांनी हाताला खाज येते, किंवा केळे, किवी, पपई यांसारख्या फळांनी तोंडाला खाज सुटते, त्यांनी लॅटेक्सरहित, म्हणजे रबराचा चीक नसलेला, गोंदच घ्यावा. रबराच्या चिकातली काही प्रथिने या फळांतील प्रथिनांशी मिळतीजुळती असल्यामुळे शरीर दोहोंना एकच शत्रू समजू शकते.

पट्टी केसांच्या मुळांच्या वर, बाहेरच्या कातडीवर बसली पाहिजे, हे रंगपेटी यांचे म्हणणे केवळ सौंदर्याचे नाही. मराठीत पापणी हा शब्द आपण झाकणालाही वापरतो आणि त्यावरच्या केसांनाही, त्यामुळे ‘पापणीवर लावा’ म्हटल्यावर गोंधळ होतो. झाकणाच्या कडेवर, केसांच्या रांगेच्या किंचित आत, मेबोमियन ग्रंथींची सुईच्या टोकाएवढी तोंडे असतात. वरच्या पापणीत ती साधारण पंचवीस ते चाळीस भरतात. त्यांतून येणारे तेल अश्रूंवर पातळ थर धरते आणि त्यामुळे डोळा लवकर कोरडा पडत नाही. त्या कडेवर गोंद गेला की तोंडे बुजतात, दुसऱ्या दिवशी डोळा चुरचुरतो, आणि कडेवर घाण साचून राहिली तर पुढे रांजणवाडीही होऊ शकते. आजकाल केसांच्या खालून चिकटवायचे छोटे झुपके मिळतात, ते मला म्हणूनच फारसे पसंत नाहीत.

लांबीच्या बाबतीत एक मौजेची माहिती देते. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी २२ जातींच्या सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या, वाऱ्याच्या बोगद्यात कृत्रिम डोळ्यावर प्रयोग केले आणि २०१५ मध्ये असे मांडले की पापणीचे केस डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश असले तर डोळ्यावर येणारी हवा आणि धूळ सर्वांत चांगली अडते. त्याहून लांब केस हवा अडवण्याऐवजी ती डोळ्याकडे वळवतात आणि डोळा अधिक सुकतो. माणसाच्या डोळ्याची रुंदी तीस मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे हिशेब दहा मिलिमीटरवर येतो. डबीवर पंधरा-सोळा लिहिलेली पट्टी, मांडवातले फिरते पंखे, होमाचा धूर आणि वर लेन्स, हे सगळे एकत्र आले तर नवरी मंगलाष्टकांच्या आधीच डोळे चोळू लागेल.

लेन्सचा नियम सोपा आहे: घालतानाही लेन्स आधी आणि काढतानाही लेन्सच आधी. चेहऱ्याला काहीही लावण्यापूर्वी हात धुऊन लेन्स घालावी, आणि रात्री पट्टीला तेल किंवा रिमूव्हर लावण्यापूर्वी ती काढून ठेवावी, म्हणजे तिच्यावर तेलाचा थर बसणार नाही. शक्य असल्यास त्या दिवशी एकदाच वापरून टाकायच्या लेन्स घ्याव्यात आणि त्यांच्यासोबत चालणारे डोळ्यांचे थेंब जवळ ठेवावेत.

तुमचे जे तीन केस निघाले, ते परत येतील. मुळापासून उपटलेला केस पुन्हा पुरता वाढायला साधारण दोन महिने लागतात. लग्न वैशाखात आहे, तेव्हा सरावात बहिणीचे केस मात्र उपटू नका.

नूपुर_वाशी

वरच्या दोन्ही प्रतिसादांनंतर फारसे सांगण्यासारखे उरत नाही, परंतु मी भरतनाट्यम् शिकवते आणि माझ्या मुली दीड-दोन तास घामाच्या धारांत नाचतात, त्या अनुभवावरून काही बारीकसारीक गोष्टी सुचतात.

तुमचा खरा शत्रू धूर नसून हळद आहे. तेलातली हळद आणि नंतरचे उटणे यांचा ओशटपणा पापण्यांच्या घडीत दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो; तोंड धुतले तरी जात नाही, कारण डोळे मिटून तोंड धुताना ती घडी बंदच असते. ओशट कातडीवर कुठलाच गोंद धरत नाही. पहाटे मायसेलर वॉटरमध्ये (मेकअप आणि ओशटपणा पुसायचे सौम्य पाणी) भिजवलेल्या कापसाने पापणी पुसून, कोरड्या कापसाने टिपून, वर चिमूटभर पूड लावल्याशिवाय पट्टी हातात घेऊ नका. हळद लावणाऱ्या काकू-माम्यांनाही कपाळावर आणि गालांवरच थांबायला सांगा. (त्या ऐकणार नाहीत, हे मी गृहीत धरले आहे.)

दुसरे, मुंडावळ्या. मोत्यांची सर कानशिलावरून खाली येते आणि नवरी वाकून नमस्कार करते त्या प्रत्येक वेळी ती डोळ्याच्या बाहेरच्या टोकाशी झुलते. पट्टी डोळ्याच्या टोकापलीकडे जरासुद्धा गेली असेल, तर सर त्या टोकात अडकते. वडीलधाऱ्यांची संख्या पाहता नमस्कार शंभर तरी होतील. तेव्हा कानाकडचे टोक तिच्या स्वतःच्या शेवटच्या केसाच्या किंचित अलीकडेच थांबवा.

तिसरे, बहिणीला पूर्ण पट्टी हवीच आहे का, याचा एकदा विचार करा. पट्टी मधोमध कापून केवळ बाहेरच्या अर्ध्या भागावर लावली तर नाकाकडचा कोपरा हा प्रश्नच उरत नाही, डोळ्यावर भार येत नाही आणि डोळा लांबट दिसतो. नृत्यात आम्ही ती पूर्ण लावतो, कारण शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत नजर पोहोचवायची असते. अंतरपाट दूर झाल्यावर नवरदेव मात्र हातभर अंतरावर उभा असतो.

तुमच्या चष्म्यासाठी स्वतंत्र सल्ला: पट्टी लावण्यापूर्वी ती डोळ्याशी धरून चष्मा घाला आणि उघडझाप करून पाहा. केस काचेला लागत असतील तर आठ-नऊ मिलिमीटरचीच घ्या, नाही तर काचेवर दिवसभर बारीक रेघा उमटत राहतील.

चुंबकाच्या पापण्यांबद्दल कोणी ना कोणी विचारतेच, म्हणून लिहिते. त्यांच्या आयलायनरमध्ये लोहाचे बारीक कण असतात, पट्टीला इवले चुंबक असतात आणि गोंद लागत नाही. मात्र लायनरचा थर जाड लागतो, तो घामाने सरकला की पट्टीही त्याच्याबरोबर सरकते, म्हणून कोकणातल्या मे महिन्यासाठी मी त्या सुचवणार नाही.

सडेतोड

मला यातले काही कळत नाही, परंतु एक शंका आहे. नथ, मुंडावळ्या, चंद्रकोर, हिरवा चुडा, शालू एवढे सगळे असताना पापणीच्या केसांकडे पाहणार कोण? माझ्या लग्नात माझ्या पत्नीने फक्त काजळ घातले होते आणि तरीही मी मंगलाष्टके संपेपर्यंत दुसरीकडे पाहिले नाही.

करवली_चिपळूण

सडेतोड दादा, तुमचा प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवला. भावी नवऱ्याकडून असेच लेखी आणून देणार असाल तर काजळावर भागवते, असे तिचे उत्तर आहे.

सर्वांचे आभार. रंगपेटी दादांनी फणसाच्या चिकाचा दाखला दिला तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काल पुन्हा सराव केला. पट्टी कोरडी लावून पाहिली, तर ती तब्बल चार मिलिमीटर जास्त निघाली. म्हणजे आधीच्या तीनही वेळी मी नको तेवढी लांब पट्टी नको तिथे दाबत होते. तार सुटायला आमच्या माजघरात एक मिनिट आणि वर दहा सेकंद लागले, आणि पंखा बंद होता. तशी लावलेली पट्टी घेऊन मी दुपारचा स्वयंपाक केला, फोडणीचा ठसका सोसला, कपडे वाळत घातले आणि संध्याकाळी पाचपर्यंत ती जागेवर होती; फक्त डाव्या डोळ्याचा बाहेरचा कोपरा जरा उठला, कारण सवयीने मी चष्मा काढून डोळा चोळला.

आता एक गोष्ट अडली आहे ती काढण्याची. चीक म्हटल्यावर आमच्याकडे खोबरेल तेलच. फणसाला हात लावण्यापूर्वीही तेल आणि चीक लागल्यावरही तेल. पापणीच्या गोंदालाही तेच चालेल का? नेत्रपल्लवी ताईंनी तेलाचा उल्लेख केला, पण लेन्सच्या संदर्भात. आणि लाजाहोमाच्या वेळी ज्वाळेची झळ पट्टीला लागून काही होईल का, हे विचारायचे राहिले.

नेत्रपल्लवी

खोबरेल तेलाने गोंद मऊ होतो, यात शंका नाही. माझी तक्रार तेलाविषयी नसून ते लावून तसेच झोपी जाण्याविषयी आहे. तेल डोळ्यात उतरले की दृष्टी काही वेळ धुरकट होते, आणि गोंदाचे मऊ झालेले कण तेलासोबत पापणीच्या कडेवर साचून राहतात. म्हणून इअरबड तेलात बुडवून, निथळून, फक्त पट्टीच्या कडेवरून तीन-चार वेळा फिरवावा, मिनिटभर थांबावे आणि पट्टी आपण होऊन सरकू लागली की कानाकडच्या टोकापासून नाकाकडे हलकेच सोडवत न्यावी. अडली तर ओढू नये, पुन्हा तेल लावावे. त्यानंतर कोमट पाण्यात सौम्य बेबी शाम्पूचे दोन थेंब घालून, त्यात भिजवलेल्या कापसाने मिटलेल्या पापणीची कड पुसावी आणि साध्या पाण्याने धुवावी. पाठवणीनंतर नवरी सासरी असेल, दमलेली असेल आणि हे सगळे तिला एकटीला करावे लागेल, तेव्हा निघण्यापूर्वीच हे साहित्य तिच्या पिशवीत वेगळे बांधून द्या आणि एकदा तिच्याकडून करवूनही घ्या.

रडण्याविषयी: चांगला वाळलेला गोंद अश्रूंनी लगेच सुटत नाही, तो सुटतो चोळण्याने. रुमालाची घडी करून तिचे टोक खालच्या पापणीशी, नाकाजवळच्या कोपऱ्यात नुसते टेकवावे. पाणी आपोआप शोषले जाते.

रंगपेटी

तेलाच्या बाबतीत ताईंशी मी सहमत आहे, फक्त त्यात एक भर घालतो. ज्या पट्टीला तेल लागले ती पुन्हा वापरायची असेल तर कडेवरचा सुटलेला गोंद बोटांनी सोलून, ती मायसेलर वॉटरने पुसून पूर्ण कोरडी करावी लागते, नाही तर पुढच्या वेळी हळदीचा ओशटपणा परवडला अशी अवस्था होते. स्वच्छ केलेली पट्टी डबीतल्या कमानीवरच ठेवावी. कागदात गुंडाळली की तिचा बाक जातो.

झळेचे उत्तर असे आहे. स्वस्तातल्या पट्ट्यांचे केस बहुतेक कृत्रिम धाग्याचे असतात आणि ते ज्योतीच्या अगदी जवळ गेले तर त्यांची टोके आखडतात. आमच्या एका नाटकात नायिकेने निरांजनावर वाकून फुंकर घातली आणि पुढचा अंक उजव्या डोळ्याला आखूड पापणी घेऊन केला. पाचव्या रांगेच्या पुढे कुणाला ते कळले नाही, पण मला कळले. होमकुंडापासून एरवी असते तेवढ्या अंतरावर भीती नाही. भावाने ओंजळीत लाह्या घातल्या की नवरीने हात पुढे करावेत, मान पुढे करू नये, एवढे तिला सांगून ठेवा. पहिल्या लाह्या पडल्यावर ज्वाळ क्षणभर उठते तेव्हा सगळ्याच नवऱ्या वाकून पाहतात.

आणि एक कामाची गोष्ट. त्या दिवशी करवली म्हणून तुमच्या कमरेच्या बटव्यात गोंदाची बाटली, बोथट चिमटा, चार टूथपिक आणि हाताएवढा आरसा असू द्या. कोपरा उठला तर पूर्ण पट्टी काढू नका. टूथपिकवर गोंद घेऊन, तार सुटेपर्यंत तो टूथपिकवरच धरून ठेवा आणि मग सुटलेल्या टोकाखाली सरकवून दाबा. चिमटा ज्यात ठेवाल त्याच कप्प्यात हळदीकुंकवाच्या पुड्या ठेवू नका.

करवली_चिपळूण

ठरले तर मग. बहिणीने दोन्ही प्रकार लावून फोटो काढून पाहिले आणि तिची निवड बाहेरच्या अर्ध्या पट्टीची झाली, दहा मिलिमीटरची, पारदर्शक कडेची. गोंदाचा थेंब काल रात्री तिच्या कोपराच्या आत लावला आहे. उद्या रात्रीपर्यंत पाहायचे आहे. उरलेल्या दोन अर्ध्या पट्ट्या फेकून न देता मी त्या वेगळ्या डबीत घालून ठेवल्या होत्या, तर आतेबहिणीने त्या स्वतःसाठी मागितल्या. नेत्रपल्लवी ताईंचा तिसरा आक्षेप तिला वाचून दाखवला आणि नवीन जोड मागवायला सांगितले आहे.

एवढ्यात आई पदराला हात पुसत येऊन विचारून गेली, की तिलाही एक-दोन केस लावता येतील का, अगदी टोकाला, कुणाला कळणार नाहीत असे. तिच्या पापण्यांची कातडी आता सैल झाली आहे आणि वरची घडी केसांवर येते. अशा डोळ्यावर पट्टी कुठे टेकवायची, नूपुर ताई?

नूपुर_वाशी

आईंना पट्टी नकोच, सुटे तीन-तीन केसांचे झुपके घ्या, आठ मिलिमीटरचे, प्रत्येक डोळ्याला तीन पुरेत. मात्र ते नेत्रपल्लवी ताईंना नापसंत असलेल्या खालच्या बाजूने न लावता, वरून, तिच्या स्वतःच्या केसांच्या मुळांशी टेकवा. घडी केसांवर येत असल्यामुळे मिटल्या डोळ्याने जागा ठरवली तर ती चुकते. त्यांना आरशात समोर पाहायला सांगा, डोळा उघडा असताना घडीखालून जे केस बाहेर दिसतात तेवढेच मनात धरा आणि मग खाली पाहायला सांगून झुपके तिथे बसवा. बाहेरच्या टोकाला एक, त्याच्या आत थोड्या अंतराने दुसरा, आणि बुबुळाच्या बाहेरच्या कडेवर तिसरा. त्या दिवशी वेळ मिळणार नाही, म्हणून त्यांचा नंबर पहाटे बहिणीच्या आधी लावा.